टॉम अँड जेरी : दणका बसायच्या आधीचा तो अर्धा क्षण

लोणीचोर

हा प्रश्न बरेच दिवस छळतोय म्हणून शेवटी धागाच काढला. विनोद पाठ झाला की संपला असं आपण धरून चालतो, एकच पीजे दुसऱ्यांदा सांगितला तर लोक उठून जातात. मग टॉम अँड जेरीचे जुने भाग कितीही वेळा बघितले तरी हसू का येतं? पुढचं सगळं माहिती असतं हो. कुठल्या दारामागे बुलडॉग आहे, कुठल्या फळीवरून इस्त्री घसरणारे, टॉमची शेपटी कशात अडकणारे, सगळं. आणि तरी त्या जागेवर आलं की हसू फुटतंच.

जुने म्हणजे कुठले ते आधीच सांगतो नाहीतर खाली त्यावरूनच भांडणं लागतील. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओत काढलेले, १९४० ते १९५८ मधले ११४ भाग. त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालंय. पहिला भाग 'पस गेट्स द बूट', १९४० चा, त्यात टॉमचं नाव जॅस्पर आहे. टॉम आणि जेरी ही नावं नंतर स्टुडिओतल्याच एका अ‍ॅनिमेटरने सुचवली, त्याला बक्षीस म्हणून ५० डॉलर मिळाले.

माझं मत असं की आपण दणक्याला हसतच नाही, त्याच्या आधीच्या अर्ध्या क्षणाला हसतो. 'क्वाएट प्लीज' (१९४५) आठवा. बुलडॉगला झोप हवीय, त्याने टॉमला दम दिलाय की आता आवाज झाला तर बघ. झालं, जेरीला ते कळतं आणि तो घरभर आवाज करत सुटतो आणि टॉम ते आवाज पकडत सुटतो. जेरी बंदूक उडवतो तर टॉम नळीत बोटं घालतो. वरून विजेचे दिवे पडतायत आणि टॉम हातापायांनी, शेपटीने एकेक झेलतोय, एकही फुटू देत नाही, आता दमून उभा आहे, सगळे दिवे सांभाळत, आणि त्याला कळतं की शेपटी मोकळी राहिलीय आणि जेवढं त्याला कळतं तेवढंच आपल्यालाही कळतं. जेरी ती प्लगमध्ये घालतो ते नंतर. हसू आधीच आलेलं असतं.

तर तुमचं काय मत? आणि आवडता भाग कुठला तेही लिहा.

चकलीताई

छान धागा. आमच्याकडे हे अजूनही जेवताना लागतं. प्रश्नाचं उत्तर माहीत नाही पण एक नोंदवून ठेवते की सगळ्या भांडणांत आधी खोडी जेरी काढतो. मी लहानपणापासून टॉमच्या बाजूने आहे आणि राहणार.

बोका_पार्टी

चकलीताईंना +१००. मांजर झोपलेलं असतं हो बिचारं!

फ्रेम_बाय_फ्रेम

पुण्यात अ‍ॅनिमेशनमध्येच पोटापाण्याचं बघतो म्हणून जरा लांबलचक लिहितो, माफी असावी.

लोणीचोर, तुम्ही म्हणताय तो अर्धा क्षण आमच्याकडे मोजतात. म्हणजे अक्षरशः मोजतात. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी. सात मिनिटांचा भाग धरला तर दहा हजारांच्या वर चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींसाठी धरायची पद्धत होती, तरी पाच हजार चित्रं, आणि ती सगळी हाताने, आधी पेन्सिलने कागदावर आणि मग पारदर्शक सेलवर (प्लॅस्टिकसारख्या पातळ कागदावर) शाई आणि रंग. वेगाच्या जागी तर प्रत्येक चौकटीला वेगळं चित्र. त्यामुळे "जरा थांबून पडू दे" असं मोघम सांगून चालायचं नाही, किती चौकटी थांबायचं ते आधी कागदावर लिहावं लागायचं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण टॉम जेरीचं नाही, वॉर्नर स्टुडिओकडच्या दिग्दर्शक चक जोन्सचं आहे. त्याचा तो रोड रनर पक्ष्यामागे धावणारा कोयोटी, म्हणजे लांडग्यासारखं जनावर, कड्यावरून पडतो ते बघा. जोन्सने लिहून ठेवलंय की कोयोटी खाली जात जात दिसेनासा व्हायला १८ चौकटी, आणि त्यानंतर १४ चौकटींनी आपटायचा. तेरा केल्या तर मजा जाते, पंधरा केल्या तरी जाते. एक चौकट म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग हे लक्षात घ्या. एवढ्याशा फरकाने हसू येतं किंवा येत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फेकाफेक वाटलं होतं, मग स्वतः करून बघितलं, आणि खरंच जाते हो मजा.

हॅना आणि बार्बेरा यांची कामाची वाटणी पण यातच आहे. बार्बेरा चित्र काढणारा, गमती सुचणारा, भराभर स्टोरीबोर्ड टाकायचा. हॅनाला संगीताची जाण होती, तो टायमिंग बघायचा, कुठली हालचाल कितव्या ठोक्यावर ते तो ठरवायचा. टॉमची ती किंकाळी पण हॅनाचीच आहे बरं का, खुद्द दिग्दर्शक माइकसमोर ओरडलाय. आणि रेकॉर्ड केल्यावर किंकाळीची सुरुवात आणि शेवट कापून टाकलाय, मधला जोरदार तुकडा तेवढा ठेवलाय. म्हणून ती अशी एकदम अंगावर येते आणि एकदम तुटते. माणूस असा ओरडत नाही, पण ओरडल्यावर ऐकणाऱ्याला जे वाटतं ते तसंच असतं.

लोणीचोर

फ्रेम, जबरदस्त प्रतिसाद. १८ आणि १४ हे आज कळलं. ते संगीताचं जरा अजून कुणीतरी लिहा ना.

समेवर_भेटू

संगीताचं मी लिहिते, बरेच दिवस कुणी विचारायचीच वाट बघत होते.

स्कॉट ब्रॅडली नावाचा माणूस. हॅना-बार्बेरा यांच्या जवळजवळ सगळ्या टॉम अँड जेरीला संगीत याचं आहे. आणि तुम्ही एकदा डोळे मिटून एखादा भाग नुसता ऐका, पडदा नको, तुम्हाला काय चाललंय ते बरंचसं कळेल. बोटांवर चालणं पिझिकाटोवर (व्हायोलिनच्या तारा बोटाने छेडून), जिना चढणं वर जाणाऱ्या सुरांवर, घसरणं ट्रॉम्बोनवर. हे असं पावलापावलाला संगीत चिकटवायच्या तंत्राला मिकी माउसिंग म्हणतात, कारण डिस्नेच्या १९२८ च्या 'स्टीमबोट विली'पासून ते गाजलं. पण ब्रॅडलीचं कौशल्य चिकटवण्यात नाही, सोडून देण्यात आहे. तो ऐन वेळी वाद्यं थांबवतो. टॉमला कळलं की आपल्या हातात आहे ती सुरुंगाची नळी, मेणबत्ती नव्हे, की शांतता. मग स्फोट.

आपल्याकडे तबलजी तिहाई घेतो तेव्हा काय होतं? पहिला तुकडा झाला की जाणकार श्रोत्याला कळतं की सम कुठे येणार. तरी दुसरा आणि तिसरा ऐकताना मान पुढे जातेच, आणि समेवर सगळे एकदम "वाह" करतात. सम कुठे आहे हे माहीत नसेल तर ते "वाह" येतच नाही. लोणीचोर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. पाठ असणं ही इथे अडचण नाही, त्यामुळेच तर मजा येते.

आता जरा अवांतर. हा ब्रॅडली नुसता पोटार्थी कार्टूनवाला नव्हता. १९४४ च्या 'पुटिन ऑन द डॉग'मध्ये जेरी कुत्र्याचं मुंडकं डोक्यावर घेऊन पळतो त्या जागेला त्याने संगीतकार शोएनबर्गची बारा स्वरांची पद्धत वापरलीय. म्हणजे त्या काळातलं सगळ्यात अवघड, सामान्य श्रोत्याला कानाला टोचणारं आधुनिक संगीत, ते त्याने उंदराच्या पळण्याला लावलं आणि रेकॉर्डिंग करताना वादकसुद्धा हसले असं लिहून ठेवलंय. ज्या लोकांनी मैफलीत ते ऐकलं असतं तर पैसे परत मागितले असते, त्यांच्या पोरांनी ते पॉपकॉर्न खात ऐकलं.

आणि 'द कॅट कॉन्चेर्तो'. टॉम पियानोवर संगीतकार फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय, जेरी पियानोच्या पोटात झोपलेला. टॉमची बोटं बघा, सूर आणि पट्ट्या जुळतात. आणि टॉमचा चेहरा! काय तो तोरा, बसायच्या आधी कोटाची शेपटी सावरणं, प्रेक्षकांकडे एक थंड नजर. पुढचा सगळा सत्यानाश त्या तोऱ्यामुळे विनोदी होतो. त्याच सुमारास, १९४६ ला, वॉर्नरने बग्ज बनीला घेऊन तीच ऱ्हॅप्सडी, तसाच पियानो, त्यातही उंदीर, असं कार्टून काढलं आणि दोन्ही स्टुडिओ एकमेकांवर चोरीचा आरोप करत बसले. ऑस्कर टॉमला मिळालं.

बोका_पार्टी

ऑस्कर टॉमला! ऐका, जेरीभक्तांनो.

गिरगावकर_जुना

समेवर_भेटू यांचा प्रतिसाद वाचून आनंद वाटला. मी टीव्हीच्या आधीचा माणूस, त्यामुळे माझी आठवण थोडी वेगळी आहे.

मुंबईत धोबीतलावला मेट्रो. हे थिएटर मुळात एमजीएम कंपनीनेच बांधलेलं, १९३८ साली उघडलं. त्यामुळे एमजीएमचे सिनेमे आणि त्यांची कार्टून्स तिथे. आमचे वडील वर्षातून कधीतरी इंग्रजी सिनेमाला नेत, त्यातलं इंग्रजी आम्हाला काडीचं कळत नसे, मोठा सिनेमा सुरू झाला की आम्ही भावंडं पेंगायचो. पण आधी कार्टून असायचं. सुरुवातीचा तो एमजीएमचा सिंह गुरगुरला की आम्ही सरसावून बसायचो. आणि तिथे, बाल्कनीतल्या पारशी आजीबाई, पुढच्या रांगेतली पोरं, डोअरकीपर, सगळे एकाच जागी हसायचे. भाषेचा प्रश्नच नव्हता. मुलांसाठी म्हणून ते बनवलेलंच नव्हतं हे लक्षात घ्या, मोठ्यांच्या सिनेमाआधी दाखवायला बनवलेलं होतं. घरात एकट्याने बघणं आणि आठशे लोकांबरोबर बघणं यात फरक आहे. त्या थांबण्याच्या जागा सभागृहातल्या हशासाठी ठेवलेल्या असतात असं मला वाटतं, कारण लोक हसत असतात तेव्हा पुढची गंमत वाया जाऊ नये.

फ्रेम_बाय_फ्रेम

काका, अगदी अगदी. टेक्स अ‍ॅव्हरी हा एमजीएममधलाच दुसरा दिग्दर्शक, ड्रूपी कुत्र्याच्या कार्टूनवाला, तो १९४१-४२ च्या सुमारास तिथे आला आणि त्याच्यामुळे हॅना-बार्बेरा यांचा वेग पण वाढला असं मानतात. १९४० चा पहिला भाग आणि १९४४ चा 'माउस ट्रबल' शेजारी ठेवून बघा. पहिल्यात मांजर मांजरासारखं चालतं, अंगावर केस, हळूहळू सगळं. चार वर्षांत तेच मांजर दोन पायांवर, डोळे बाहेर, जबडा जमिनीला.

कडू_कारलं

सगळ्यांनी आरती ओवाळून झाली असेल तर एक विरोधी मत नोंदवतो. मला हे कार्टून कंटाळवाणं वाटतं. एक पळतो, दुसरा मागे पळतो, हातोडा, तवा, सुरुंग, संपलं. सात मिनिटं तेच. ११४ भाग तेच. शिवाय पोरांना मारामारी शिकवतात ते वेगळंच.

चिवडा_मावशी

कारल्याच्या मारामारीच्या मुद्द्याला माझं अर्धं अनुमोदन. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याने बहिणीला उशी फेकून मारली आणि "टॉम" म्हणाला. उशीच होती म्हणून निभावलं. पण एक बघितलंय, तो टॉमला लागलं म्हणून कधी रडला नाही, आणि कुठल्याशा हिंदी मालिकेत आईने मुलाला एक थोबाडीत दिली तर घाबरून माझ्या मांडीत येऊन बसला. म्हणजे त्याला काहीतरी कळत असणार.

लोणीचोर

मावशी, हे मस्त सांगितलंत. आणि याचा उलटा पुरावा पण आहे. १९६१-६२ मध्ये एमजीएमने जीन डाइच नावाच्या दिग्दर्शकाकडून १३ भाग करून घेतले, तो अमेरिकन पण राहायचा प्रागमध्ये, चेकोस्लोव्हाकियात. पैसे कमी, तिथल्या लोकांनी मूळ कार्टून्स फारशी बघितलेली नाहीत. आपण लहानपणी बघताना "हे काहीतरी भुताटकी टॉम जेरी आहे" असं म्हणायचो ना, आवाज विहिरीतून आल्यासारखे, तेच हे. त्यात टॉमचा मालक म्हणून एक जाडा माणूस आहे. तो रागाने लालबुंद होतो आणि टॉमला मारतो, आणि ते बघवत नाही. का? टॉमला हॅनाच्या भागात याच्या दसपट मार बसलाय! पण तिथे दर वेळी शरीराचा आकार बदलतो, तो अकॉर्डियन होतो, तव्यासारखा चपटा होतो, फुलदाणीत शिरून फुलदाणीच्या आकाराचा होतो, आणि पुढच्या शॉटला जसाच्या तसा. मार पुढच्या शॉटपर्यंत टिकतच नाही. डाइचच्या भागात मालकाचा राग टिकतो. एक खरा चिडलेला माणूस एका जनावराला मारतोय असं दिसतं. गंमत म्हणजे डाइचला स्वतःला टॉम जेरीतली हिंसा आवडायची नाही.

कडू_कारलं

मान्य नाही पण मुद्दा बरा आहे. "तेच तेच"चं काय?

वाळवंटातला_लांडगा

तेच तेचचं उत्तर माझ्याकडे आहे, मी कोयोटीवाला. (नाव बघा.) रोड रनर १९४९ पासून, त्यात तर टॉम जेरीपेक्षाही कमी आहे. वाळवंट, रस्ता, दोन पात्रं, अ‍ॅक्मी कंपनीची खोकी. चक जोन्सने नंतर एका पुस्तकात नियमांची यादीच दिलीय: रोड रनरने रस्ता सोडायचा नाही, कोयोटीला इजा फक्त स्वतःच्या मूर्खपणाने किंवा अ‍ॅक्मीचा माल फसल्याने व्हायची, सहानुभूती कायम कोयोटीला. मजा अशी की ज्याने गोष्टी लिहिल्या त्या मायकल माल्टीजला नंतर विचारलं तर तो म्हणाला असले नियम मी कधी ऐकलेच नाहीत. पण लिहिलेले असोत नसोत, कार्टून बघितलं की ते जाणवतात. पायाखाली जमीन नाही हे कळेपर्यंत तो पडत नाही. आधी चालतो, थांबतो, खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो, कधी हातात छोटी पाटी धरतो, मग पडतो. हे सगळ्या पोरांना माहिती असतं. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकायच्या आधी माहिती असतं.

चौकट जितकी लहान तितकं दिग्दर्शकाचं डोकं दिसतं. कारलेबुवा, तुम्हाला तेच तेच दिसतं कारण तुम्ही 'काय होतं' ते बघताय. 'कसं' ते बघा.

ते बीप बीप मेल ब्लँकचं नाही हेही सांगून ठेवतो, बाकी वॉर्नरमधले निम्मे आवाज त्याचे. बीप बीप केलंय पॉल ज्युलियन नावाच्या पार्श्वभूमी रंगवणाऱ्या चित्रकाराने. मोठाली चित्रं घेऊन स्टुडिओच्या बोळातून जाताना समोरचं दिसायचं नाही म्हणून तो तोंडाने तसा आवाज करत जायचा, बाजूला व्हा म्हणून.

इच्चलकरंजी_एक्सप्रेस

ते बीप बीपचं लय भारी 😂 आमच्या गल्लीत सायकलची घंटी मोडली की पोरं असंच करत जायची.

अटलांटाकर

सगळे कौतुक करतायत त्यात माझाही सूर आहेच पण एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहिते. त्या घरात एक बाई दिसते, फक्त पाय आणि झाडू. भारतात असताना मला ती घरमालकीण वाटायची आणि तिची भाषा मजेशीर वाटायची, संपलं. इथे आल्यावर एका कृष्णवर्णीय मैत्रिणीकडे आम्ही सगळ्यांच्या पोरांना घेऊन जमलो होतो, कुणीतरी हे लावलं आणि ती शांतपणे उठून आत गेली. मग नंतर तिने सांगितलं. ते पात्र, मॅमी टू शूज, हे दक्षिणेकडच्या काळ्या मोलकरणीचं ठरीव सोंग आहे, चेहरा द्यायचीही गरज वाटली नाही. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. साठच्या दशकात टीव्हीसाठी त्या बाईच्या जागी गोरी बाई काढून आयरिश ढंगाचा आवाज घातला, नंतर कधी आवाज तेवढा बदलला. शिवाय स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं होऊन ओठ जाड दिसतात, केसांच्या वेण्या, ते विनोद पण त्याच जातीचे.

मी बघणं सोडलं नाही. पण मुलीबरोबर बघताना त्या जागी थांबवून सांगते. तुम्ही म्हणताय की थिएटरमध्ये सगळे एकाच जागी हसायचे. सगळे नसणार. त्या काळात अमेरिकेत कित्येक थिएटरांत काळ्या प्रेक्षकांना बसायलाच वेगळं होतं.

गिरगावकर_जुना

अटलांटाकर, तुमचं बरोबर आहे. आम्ही बाल्कनीकडे बघत होतो, पडद्यावर कुणाला चेहरा नाही हे आमच्या लक्षातही आलं नाही.

समेवर_भेटू

+१ अटलांटाकर. हे धाग्यात यायलाच हवं होतं.

नव्वदची_पोर

मी कार्टून नेटवर्कच्या पिढीतली. १९९५ ला भारतात आलं ते, आमच्याकडे केबलवाल्याने दिलं तेव्हा चाळीतली सगळी पोरं एका घरात. आणि रात्री ते चॅनल एकदम टीएनटी व्हायचं, कार्टून संपून काळेपांढरे इंग्रजी सिनेमे सुरू, इतका राग यायचा! आता कळतंय की तेही एमजीएमचेच असायचे बरेच.

एक प्रश्न फ्रेम यांना, हॅना-बार्बेरा म्हणजे तेच ना ते स्कूबी डू आणि फ्लिंटस्टोन्सवाले? मग त्यात हे का नाही? स्कूबी डू आवडायचं पण त्यात माणसं नुसती उभी राहून बोलतात.

फ्रेम_बाय_फ्रेम

तेच ते, आणि उत्तर पैशात आहे. १९५७ ला एमजीएमने कार्टून विभागच बंद केला. हिशोब साधा होता: जुनी कार्टून्स परत थिएटरला लावली तरी जवळपास नव्याइतकेच पैसे येतायत, मग नवी काढा कशाला? सात ऑस्करवाली माणसं एका फटक्यात घरी. (ऑस्कर पण स्टेजवर जाऊन निर्माता फ्रेड क्विम्बी घ्यायचा, हे दोघं नाही.) मग त्यांनी स्वतःची कंपनी काढली, टीव्हीसाठी, आणि टीव्ही देत होता अगदी थोडे पैसे. मग चित्रं वाचवायची. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे? कारण कॉलरच्या वर डोकं वेगळं काढता येतं, धड तसंच ठेवून नुसतं तोंड हलवलं की झालं. पात्रं धावतात तेव्हा मागे तेच झाड, तीच खिडकी परत परत जाते. हालचाल परवडत नाही म्हणून संवाद वाढले. मला तीही आवडतात, पण डोळे मिटून ऐकली तरी चालतात. टॉम अँड जेरी ऐकून पण चालतं आणि आवाज बंद करून पण चालतं.

बोका_पार्टी

आवाज बंद नको. हल्ली कुठे कुठे टॉम अँड जेरीवर हिंदी कॉमेंट्री टाकतात ते बघून टाळकं सणकतं. टॉम धावतोय आणि मागून कुणीतरी सांगतंय "अरे ये तो भाग गया". दिसतंय रे बाबा!

नव्वदची_पोर

'ऑगी अँड द कॉक्रोचेस' कार्टूनचं हिंदी मात्र भारी होतं हां. आवाजांच्या नकला होत्या, ऑगीला शाहरुख, जॅकला सनी देओल आणि तो शेजारचा बॉब बुलडॉग चक्क नाना पाटेकर. आमच्या घरी बॉब आला की बाबा पेपर खाली ठेवायचे.

समेवर_भेटू

ते डबिंग म्हणून वेगळंच नाटक झालं, ते चालेल. पण ब्रॅडलीच्या शांततेवर कुणी बोललं की मी घर सोडून जाईन.

लोणीचोर

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही का? मराठीत?

गिरगावकर_जुना

सुरुवात तर फार लवकर झाली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या एकेक हलवून, एकेक चौकट घेऊन. त्याआधी वाटाण्याचं रोप वाढताना तसंच टिपलं होतं. मग प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' काढला, रघुनाथ केळकरांनी. म्हणजे हौस होती, माणसं होती. पण दर आठवड्याला थिएटरला कार्टून पुरवायचं तर शेकडो चित्रकार पगारावर लागतात, ते आपल्याकडे कुणाला परवडणार? १९५६ ला डिस्नेतला क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला शिकवायला आला, अ‍ॅनिमेटर राम मोहन वगैरे मंडळी तिथे तयार झाली. पण सरकारी खात्याचं काम, म्हणजे कुटुंब नियोजन, बचत, एकात्मता. छान केलं त्यांनी, पण तव्याने कुणी कुणाला हाणलं नाही.

चकलीताई

"तव्याने कुणी कुणाला हाणलं नाही" 😄 काका!!

कडू_कारलं

बरं, मी नियमाने एक भाग बघायला तयार आहे. एकच सांगा. आणि ज्यात शेवटी उंदीर जिंकून दात काढतो तो नको.

फ्रेम_बाय_फ्रेम

'माउस ट्रबल'. टॉम पोस्टाने पुस्तक मागवतो, उंदीर कसे पकडावेत. प्रत्येक धडा करून बघतो आणि प्रत्येक धड्याला वाट लागते. एका धड्यात टाळूवरचे केस जातात, मग पुढचा सगळा भाग तो एक नारिंगी विग घालून वावरतो, त्यावर कुणी काही बोलत नाही. मध्येच एकदा टॉम मार खाऊन येतो आणि भकास आवाजात एक वाक्य बोलतो, पुस्तकावर विश्वास ठेवू नका अशा अर्थाचं. एरवी तो बोलत नाही म्हणून ते जास्तच लागतं. फक्त शेवटी तो ढगावर आहे, तुमची अट मोडते.

समेवर_भेटू

'जोहान माउस'. व्हिएन्ना, श्ट्राउसचं वॉल्ट्झ, उंदीर आणि मांजर दरबारात. यात मारामारी सगळ्यात कमी.

बोका_पार्टी

दोघांचं ऐकू नका. 'द मिलियन डॉलर कॅट', १९४४. टॉमला एका बाईच्या मृत्युपत्रात दहा लाख डॉलर मिळतात, अट एकच, कुठल्याही जिवाला त्रास द्यायचा नाही, उंदराला सुद्धा. आता जेरी ती अट लिहिलेली तार (टेलिग्राम) हातात घेऊन त्याच्याच बंगल्यात, त्याच्याच पलंगावर, त्याचंच जेवण खातो, आणि टॉमने हात उचलला की तार पुढे करतो. टॉम दात खातो, हात खाली. परत हात वर, परत तार. असं करत करत शेवटी टॉम तार फाडतो आणि जेरीला धुवायला लागतो आणि मध्येच थांबून आपल्याकडे बघून सांगतो की मी दहा लाख डॉलर घालवतोय, पण मी खूश आहे! आणि परत सुरू. कारलेबुवा, यात मांजर जिंकतं. आणि लोणीचोर, तुमचं ते थांबणं, यात जवळजवळ सगळा भागच थांबण्याचा आहे.

कडू_कारलं

बघितला. दहा लाख? १९४४ चे? मूर्ख आहे मांजर.

चकलीताई

मूर्ख असेल पण त्यातही आधी खोडी जेरीच काढतो. नोंद घ्यावी.

बोका_पार्टी

घेतली.